गोळी लागलेल्या पोरासोबत जी पोरं येतात, त्यांच्याकडे कोणी बघायचं?

रात्रपाळी_सिस्टर (धागा)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी आज लिहितेच. मी नाशिकमधल्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, विचारूही नका.

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला तीन पोरं एका जखमीला घेऊन आली, त्यातली दोघं एकाच अ‍ॅक्टिव्हावर, त्याला मधे बसवून. मांडीत गोळी, आरपार गेलेली. गावठी कट्ट्याची. नशीब की मोठी रक्तवाहिनी वाचली. पँट कापायला घेतली तर सीएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) म्हणाले सिस्टर गोळीच्या भोकातून कात्री नेऊ नका, बाजूने कापा आणि कपडे प्लास्टिकमध्ये नको, कागदी पिशवीत ठेवा, पोलिसांना लागतील. एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) झाली, पोलिसांना कळवलं, हवालदार अर्ध्या तासात आले. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. पेशंट जबाब द्यायच्या स्थितीत आहे असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं, मग शांतपणे विचारायला बसले. सगळं नियमाने झालं.

पण मला सांगायचंय ते वॉटर कूलरजवळचं. ती तीन पोरं तिथे उभी होती. त्यातला एक, एकोणीस-वीसचा असेल, त्याचा टीशर्ट मित्राच्या रक्ताने पुढून पूर्ण भिजलेला. तो सारखा हात धूत होता आणि पुसत नव्हता, ओल्या हातानेच फोन कानाला लावून कोणाला तरी सांगत होता, "आज नाही तर उद्या, पण होणार." दोनदा म्हणाला. मी सलाईनची बाटली घेऊन त्याच्या बाजूनेच गेले. ऐकलं आणि पुढे गेले.

कोणाला सांगणार होते मी? हवालदारांना सांगितलं तर ते त्याला उचलणार, पण कशाखाली? फोनवर बोलला म्हणून? आणि त्या पोरांना कळलं की सिस्टरने सांगितलं, तर पुढच्या वेळी ती मित्राला आमच्याकडे आणणारच नाहीत, घरीच फडकं बांधून ठेवतील. असा सगळा विचार करत मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या गटातला एक पोरगा कोयत्याचे वार घेऊन आला. वाचला तो, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. बेड तोच, चार नंबरचा.

मला राहून राहून एकच वाटतं. आमच्याकडे डेंग्यू पॉझिटिव्ह आला तर महापालिकेला कळवायचा नियम आहे, मग त्यांची माणसं त्या घरी जातात, ड्रम, कुंड्या, टायर बघतात, आजूबाजूच्या घरांतही जातात. कारण पुढचा पेशंट तिथूनच येणार हे सगळ्यांना माहितीये. गोळीच्या केसमध्ये पोलीस येतात ते झालेल्या गुन्ह्यासाठी. पुढच्या पेशंटसाठी कोण येतं? हे पोलिसांचं काम आहे का, की आमचं, की कोणाचंच नाही? कोणी असं काम प्रत्यक्ष होताना बघितलंय का?

गोदाकाठ_७१

ताई, मनाला लावून घेऊ नका, तुमची काहीच चूक नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. पोलिसांचं काम पकडायचं. समजूत घालायला समाजसेवक आहेत, आईबाप आहेत. आधीच पोलिसांना बंदोबस्त, मोर्चे, व्हीआयपी, त्यात आता सिंहस्थाची तयारी, त्यांनी काय काय करायचं? कट्टा सापडला की आत टाका आणि जामीन होऊ देऊ नका. २०१९ ला कायदा कडक केला ना, विनापरवाना हत्याराला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच. ते नीट राबवलं तरी पुष्कळ होईल.

निवृत्त_बीट

सिस्टर, धागा वाचला आणि झोप उडाली. मी पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली, एएसआय म्हणून रिटायर झालो, त्यातली बरीच वर्षं बीटवर आणि काही डीबीला, म्हणजे गुन्हे शोध पथकात. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

गोदाकाठ भाऊ, पकडायला हवंच, त्यात वाद नाही. गावठी कट्टा आपल्याकडे कसा येतो हे आता सगळ्यांना माहिती आहे. मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात उमर्टी, आपल्या चोपडा तालुक्याच्या अगदी सीमेला लागून, मधे फक्त नदी. तिकडून माल सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव असा आग्रा रोडने खाली येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट उमर्टीत जाऊन भट्ट्या तोडल्या, फार चांगलं काम केलं. ही पुरवठ्याची बाजू आहे आणि ती फक्त पोलीसच करू शकतात, कुठली संस्था करू शकत नाही.

पण मी जेवढ्या पोरांकडून कट्टा जप्त केला त्यातल्या प्रत्येकाला आम्ही एक प्रश्न विचारला, माल कुठून आणला. दुसरा प्रश्न मी फार उशिरा शिकलो, कोणाच्या भीतीने आणला. आणि खरं सांगतो, बहुतेकांकडे उत्तर असायचं. अमक्याने मंडळाच्या मिरवणुकीत कानाखाली मारली होती, तमक्याचा भाऊ आता सुटून आलाय, रात्री कामावरून येताना गल्लीत गाठतील. कंबरेला लावून फिरणारा पोरगा वरून जेवढा माजलेला दिसतो तेवढाच आतून घाबरलेला असतो. तो माल जप्त झाला आणि भीती तशीच राहिली तर तो सुटून आल्यावर दुसरा घेणारच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, असं काम होताना बघितलंय, मी स्वतः केलंय, कोणी सांगितलं म्हणून नाही, एका जुन्या साहेबांनी सवय लावली म्हणून. एका पोराचा खून झाला होता. आरोपी दोन दिवसांत अटक, कागदोपत्री विषय संपला. साहेब मला म्हणाले, दहाव्यापर्यंत त्या घरावर लक्ष ठेव आणि दहाव्याला स्वतः जा, साध्या कपड्यात. मला वाटलं बंदोबस्त आहे. रामकुंडावर गेल्यावर कळलं कशासाठी पाठवलंय.

पिंड ठेवले, कावळा काही शिवेना. तुम्हाला माहितीच आहे, मग घरचे एकेक जण पुढे येऊन हात जोडून सांगतात, तुझी ही इच्छा पुरी करू, ती करू. बाप बोलला, बहीण बोलली, नाही शिवला. मग धाकटा भाऊ पुढे आला, वय असेल अठरा, आणि म्हणाला "दादा, त्याला मी", आणि एवढ्यात त्याच्या मामाने मागून येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. आणि स्वतः मोठ्याने म्हणाला, "तुझ्या पोरीचं शिक्षण आम्ही बघतो, तू काळजी करू नको." पोरगा मामाच्या हाताला चावला अक्षरशः, पण मामाने हात काढला नाही. कावळा शेवटपर्यंत शिवलाच नाही, दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

त्या मामाला मी त्याच दिवशी गाठलं. पुढचा दीड महिना मी आणि मामा, आम्ही दोघांनी मिळून त्या पोराला सांभाळलं असंच म्हणा. मी एक दिवसाआड चहाला जायचो. चौकशी नाही, धमकी नाही. केसची तारीख कधी आहे, चार्जशीट कुठपर्यंत आलं, हे त्याला सांगायचो, कारण त्याला वाटत होतं की पैसे देऊन प्रकरण मिटवतायत. ओळखीच्या गॅरेजमध्ये कामाला लावला. समोरच्या गटाच्या म्हाताऱ्या माणसालाही भेटून सांगितलं की तुमची पोरं महिनाभर या रस्त्याने फिरकू देऊ नका. त्या वर्षी त्या दोन गल्ल्यांत काही झालं नाही. याची स्टेशन डायरीला नोंद नाही, कशी असणार, न झालेल्या गुन्ह्याला नंबर पडत नाही. बक्षीस मिळालं ते दुसऱ्या एका कट्ट्याच्या जप्तीला.

आणि हे काही नवीन नाही बरं का. भिवंडीत १९७० आणि ८४ ला भयंकर दंगली झाल्या होत्या. १९८८ ला सुरेश खोपडे साहेब तिथे डीसीपी म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजातली साधी माणसं, यंत्रमागवाले, दुकानदार, पोलिसांसोबत नियमित बसायची. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. आर. आर. आबांनी २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली तीही याच विचाराची, तंटा पोलीस स्टेशनला येण्याआधी गावात मिटवायचा. मग शहरातल्या गल्लीसाठी असं काही का नको?

सिस्टर, तुम्ही त्या रात्री हवालदारांना सांगितलं असतं तर काय झालं असतं ते माणसावर अवलंबून होतं, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे. तो चांगला निघाला तर ठीक, नाहीतर पोराला दोन फटके देऊन सोडला असता आणि राग दुप्पट.

जनआरोग्य_शिकवणारा

मी कम्युनिटी मेडिसिन शिकवतो. धागाकर्तीने डेंग्यूचं उदाहरण दिलंय ते अगदी चपखल आहे, माझ्या विषयातली माणसं हेच गेली पंचवीस-तीस वर्षं सांगतायत.

शिकागोत गॅरी स्लटकिन नावाचे डॉक्टर होते, त्यांचं आधीचं काम क्षयरोग आणि कॉलऱ्याचं, सोमालियात वगैरे. परत आल्यावर त्यांनी गोळीबाराचे नकाशे बघितले तर ते साथीच्या नकाशांसारखेच दिसले, एका केसभोवती पुढच्या केसेस. २००० साली त्यांनी वेस्ट गारफिल्ड पार्क भागात काम सुरू केलं. पुढे वस्तीतलीच, पूर्वी स्वतः टोळीत असलेली माणसं नेमली, आणि त्यांचं काम एकच, गोळीबार झाला की लगेच जखमीच्या मित्रांजवळ जाऊन बसायचं आणि बदला थांबवायचा. तुमच्या वॉटर कूलरजवळ उभं राहणारा माणूस, सिस्टर. आणि ही माणसं पोलिसांना खबर देत नाहीत, हा नियम कडक आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलणार नाही. सगळ्या शहरांत हे सारखं चाललं नाही, काही ठिकाणी फार उपयोग झाला, काही ठिकाणी फारसा नाही, माणसं कशी निवडली आणि पगार नियमित मिळाला का यावर बरंच ठरतं.

बोस्टनचा रस्ता वेगळा. तिथे १९९६ ला पोलीस स्वतः पुढे बसले. टोळीतल्या पोरांना बोलावून समोरासमोर सांगितलं, यापुढे तुमच्यातल्या एकाने जरी गोळी चालवली तर पूर्ण गटाच्या मागे लागू, आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याच्यासाठी काम, शिक्षण, मदत इथेच या टेबलावर आहे. सोबत चर्चची माणसं आणि समाजसेवक. अभ्यासात तरुणांच्या खुनांत ६३ टक्के घट मोजली गेली. निवृत्त_बीट काका जे सांगतायत त्यात या दोन्हीचं मिश्रण आहे, फक्त ते एका माणसाच्या सवयीवर चाललं, व्यवस्थेवर नाही.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगाचं वाटतं ते कार्डिफचं, वेल्समधलं. जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे सर्जन. त्यांच्या लक्षात आलं की मारामारीत जखमी होऊन आलेल्या बऱ्याच लोकांची पोलिसांत नोंदच नाही. मग त्यांनी कॅज्युअल्टीच्या रिसेप्शनवर फक्त तीन गोष्टी लिहायला सुरुवात केली, कुठे झालं, कधी झालं, हत्यार काय. नाव नाही, पत्ता नाही. ती माहिती दर महिन्याला पोलिसांकडे आणि नगरपालिकेकडे. त्यावरून गस्तीच्या जागा आणि वेळा बदलल्या, काही बारमध्ये काचेचे ग्लास बंद केले. २०११ ला त्याचा अभ्यास छापून आला, हिंसेमुळे भरती होणाऱ्यांचं प्रमाण दर लाख लोकांमागे महिन्याला ७ वरून ५ वर आलं, आणि तुलनेच्या शहरांत त्याच काळात ५ वरून ८ झालं. यात सिस्टरला कोणाची चहाडी करावी लागत नाही.

आपल्याकडे एमएलसी रजिस्टर प्रत्येक हॉस्पिटलात आहे. पण ते एकेका केससाठी उघडलं जातं, सहा महिन्यांची पानं एकत्र ठेवून कोणी नकाशा करत नाही.

एक गोष्ट राहिली, जी इथे कोणी बोललं नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. आपल्याकडे चित्र तसं नाही, कारण बंदुका घरोघरी नाहीत, पण परवानाधारक आहेत, वॉचमन आहेत, माजी सैनिक आहेत. निवडणूक आली की पोलीस परवान्याची हत्यारं जमा करून घेतात, म्हणजे जमा करायची पद्धत आहे, जागा आहे, पावती आहे. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली परवाना थांबवताही येतो. घरात कोणी खचलाय, दारू वाढलीय, रोज भांडणं होतायत, अशा वेळी बायकोने किंवा भावाने पोलीस स्टेशनला येऊन "काही दिवस हे तुमच्याकडे ठेवा" म्हटलं तर अंमलदाराने तिला परत न पाठवता मदत करावी, एवढं जरी झालं तरी जीव वाचतील. आणि सोबत १४४१६ हा टेलिमानसचा नंबर तिच्या हातात द्यावा, तो फुकट आहे.

सातपूरची_मावशी

मी फार शिकलेली नाही, मुलगी टाइप करून देतीये. माझ्या भाच्याने मित्राचा कट्टा हातात धरून रील केला होता. त्याचा नव्हता, चालवला नव्हता, पण धरला होता आणि गाणं लावून टाकला होता. चूक त्याचीच, आम्ही लपवलं नाही. पोलीस आले, घेऊन गेले, केस झाली. ते पण मान्य.

पण नंतर त्याला त्याच्याच गल्लीतून चालवत नेला, हात जोडायला लावून, आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर. २०२५ ला पोरांकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असं म्हणवून घेतलेले असे किती व्हिडिओ फिरले ते सगळ्या नाशिकने बघितलंय. लोकांना बरं वाटलं, मला पण दुसऱ्यांची पोरं बघताना बरं वाटलं होतं, गुंडगिरीला आम्ही पण कंटाळलोय, रात्री मुलगी क्लासवरून येईपर्यंत जीव टांगणीला असतो. पण भाचा घरी आला तेव्हा दोन गोष्टी झाल्या. अंबडला कंपनीत लागला होता तिथे चारित्र्य पडताळणी मागितली, ती नोकरी गेली. आणि ज्या पोरांना तो आधी माहितीसुद्धा नव्हता ती बुलेटवर त्याला भेटायला यायला लागली, भाई भाई करत. आधी हा त्यांच्या मागे जात होता, आता ती याच्या दाराशी.

मला विचाराल तर पोलिसांनी धाक ठेवावा, जरूर ठेवावा, पण पोरगं सुटून घरी येतं त्या दिवशी पण कोणीतरी यावं. आमच्या बीटवाल्या ताई आल्या होत्या एकदा, दाराबाहेर उभ्या राहूनच विचारलं, काय करतो आता, आणि गेल्या. आत आल्या असत्या तर मी चहा टाकला असता, सांगितलं असतं की रात्रीचा झोपत नाही तो, गॅलरीत उभा राहतो.

गोदाकाठ_७१

मावशी, वाचून गप्प झालो. मी तसे व्हिडिओ स्वतः फॉरवर्ड केलेत. कायदा कडक हवा हे माझं मत आहेच, पण कोणाच्या घरात त्याचं काय होतं हा विचार केला नव्हता.

निवृत्त_बीट काका, एक विचारू का? तुम्ही केलंत ते आजच्या पोलिसाला वेळ मिळेल का, ड्युटी बारा बारा तासांची असते.

निवृत्त_बीट

नाही मिळणार, खोटं बोलत नाही. म्हणून तर मी म्हणतो की सगळं पोलिसांच्या गळ्यात घालू नका. गोळीबाराची केस झाली की पहिले दहा-पंधरा दिवस महत्त्वाचे, तेवढ्यापुरता एक माणूस ठरवून द्या, आणि तो डीबीचा नको, तपासाचा नको. ज्याच्याकडे अटकेचं काम आहे त्याच्याजवळ कोणी मन मोकळं करत नाही, जनआरोग्य सर म्हणतायत ते बरोबर आहे. तो माणूस, हॉस्पिटलचा समाजसेवा अधीक्षक आणि घरातला एक मामा किंवा आत्या, कोणीतरी असतोच ज्याचं पोरगं ऐकतं. पोलिसांनी तिघांना एकमेकांचे फोन नंबर द्यायचे आणि हद्दीत गस्त ठेवायची. जीआर निघायची वाट न बघता एखादा सीनियर पीआय उद्यापासून करू शकतो.

मावशी, तुमच्या भाच्याला हवं असेल तर मला इथे मेसेज करा. सातपूरला दोन वर्कशॉपवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना सगळं खरं सांगून विचारतो.

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

जनआरोग्य सर, तुमचं वाचून मी आमच्या इनचार्ज मॅडमशी बोलले. एमएलसी रजिस्टरमधून फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढंच एका वहीत उतरवायला परवानगी मिळालीये, नाव-नंबर काही नाही. काल रात्री जरा शांत होतं तेव्हा मागच्या तीन महिन्यांचं लिहून काढलं. एकाच वाइन शॉपच्या मागची मोकळी जागा सात वेळा आली, सातही वेळा शनिवार-रविवार रात्री अकरानंतर. एवढी वर्षं मीच ड्रेसिंग करतीये आणि मला दिसलं नव्हतं. ही वही पुढे कोणाकडे द्यायची ते मॅडम विचारतायत.

आणि तो मांडीत गोळी लागलेला पोरगा अजून ड्रेसिंगला येतो, जखम थोडी चिघळली होती. परवा पट्टी सोडताना विचारलं, झोप लागते का रे. म्हणाला, बुलेटचा फटाका वाजला तरी मी खाली बसतो सिस्टर, पोरं हसतात. त्याच्यासोबत तोच मित्र असतो दरवेळी, हात धुणारा. आता तो मान खाली घालूनच बसतो, बोटं गेलेल्या पोराचं कोणी नाव काढलं की उठून बाहेर जातो. मी त्या दोघांना सांगितलं की माझ्या ओळखीचे एक काका आहेत, पोलिसात होते, आता रिटायर आहेत, नुसतं बोलायला, काही लिहून घेणार नाहीत. जखमी लगेच हो म्हणाला. मित्राने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग म्हणाला, युनिफॉर्म नसेल तर.

पुढचं ड्रेसिंग मंगळवारी अकरा वाजता आहे. काका, जमेल का तुम्हाला?

निवृत्त_बीट

साडेदहालाच येऊन बसतो. कुठं यायचं ते मेसेज करा.